चुन्याच्या कळींतील उष्णता

सफेतीसाठीं चुना भिजवितांना गवंडी पिंपांतील कळीवर पाणी ओततो, हें दृश्य श्रोत्यांपैकीं अनेकांनीं पाहिलें असेल. क्षणभर कांहींच होत नाहीं. मग कळी तडकते, फुलते आणि पाणी खदखदूं लागतें. खालीं विस्तव मात्र नसतो. (मुलांना तेव्हां पिंपाजवळ फिरकूं देऊं नये, डोळ्यांत उडालेला चुना दृष्टीला घातक ठरतो.) ही उष्णता येते कोठून, आणि ती मोजावी कशी?

विद्यार्थी येथें नेहमीं अडखळतो. चिमूटभर चुन्यानें पाणी जेमतेम कोमट होतें, ओंजळभर चुन्यानें उकळतें. मग चुन्याची खरी उष्णता कोणती? परिमाण सांगितल्यावांचून या प्रश्नाला अर्थच नाहीं. वाणी भाव किलोमागें सांगतो, रसायनशास्त्र उष्णता मोलमागें सांगतें. कॅल्शियमचे ४० आणि ऑक्सिजनचे १६ मिळून ५६. म्हणून ५६ ग्रॅम कळी म्हणजे एक मोल.

समजा, २०० ग्रॅम पाण्यांत ५.६ ग्रॅम कळी टाकली आणि उष्णमान ७.५ अंशांनीं चढलें. एक ग्रॅम पाणी एक अंश तापविण्यास ४.१८ ज्यूल लागतात. या तिहींचा गुणाकार ६,२७० ज्यूल. कळी एक दशांश मोलच होती. तेव्हां मोलमागें ६२.७ किलोज्यूल. प्रमाणभूत आंकडा सुमारें ६५ आहे. कमी पडलेली उष्णता भांड्यानें व हवेनें घेतली. स्थिर दाबाखालील या देवघेवीलाच एन्थाल्पींतील फरक म्हणतात, आणि उष्णता बाहेर पडल्यामुळें त्याला ऋणचिन्ह देतात. हें चिन्ह विसरणारेच फार!

सेंट पीटर्सबर्ग येथें काम करणाऱ्या जर्मेन हेस या शास्त्रज्ञानें १८४० सालीं असें दाखविलें कीं, आरंभ आणि शेवट तेच असतील तर वाट कोणतीहि असो, उष्णतेची बेरीज बदलत नाहीं. चुनखडी भाजून कळी करितांना मोलमागें सुमारें १७८ किलोज्यूल खर्ची पडतात. पिंपांत खदखदते ती या भट्टींतल्याच उष्णतेची परतफेड. पण ती अवघी ६५ ची. बाकीचे कोठें गेले? भिंतीवरील चुना हवेंतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा चुनखडी बनतो, तेव्हां ते बाहेर पडतात. ही क्रिया इतकी संथ चालते कीं भिंतीला हात लावून कांहीं कळत नाहीं. परंतु १७८ मधून ६५ वजा केले कीं, थर्मामीटर न लावतां, भिंतीचा आंकडा हातीं येतो: मोलमागें ११३ किलोज्यूल.