शेजारी आणि स्विच
प्रकाशतंतू इमारतीच्या तळमजल्यापर्यंत येतो. तेथून घरोघरी बहुधा तांब्याची तार जाते. या संधिस्थानी बसणारा स्विच केवळ किंमत पाहून निवडणे हितावह नव्हे. तांब्याच्या तारेची मर्यादा १०० मीटर. म्हणून उंच इमारतीत त्याची जागा आधी ठरवावी लागते. २४ घरांना प्रत्येकी १ गिगाबिट देणाऱ्या स्विचला बाहेर १० गिगाबिटची वाट सहसा पुरते, कारण सारी घरे एकाच क्षणी पूर्ण वेग मागत नाहीत. परंतु एखाद्या बिऱ्हाडात राउटर उलटा जोडला गेला, तर तो शेजाऱ्यांना चुकीचे पत्ते वाटू लागतो आणि त्यांचे इंटरनेट खंडित होते. प्रत्येक घराची वाहतूक अलग राखणारा स्विच हा अनर्थ टाळतो. अगदी स्वस्त स्विचमध्ये ही सोय नसते. वाचविलेल्या पैशांचा भुर्दंड मग निरपराध शेजाऱ्यांवर पडतो.