विज्ञानकथेचा उगम आणि तिचे मराठीतील स्थान

आकाशगामी विमान पुराणांत आहे, अदृश्य होणारा वीर लोककथांत आहे. मग विज्ञानकथेचा आरंभ तेथूनच का मानू नये? पुराणातील विमान दैवी सामर्थ्याने चालते. ते कसे चालते, हा प्रश्न तेथे उपस्थितच होत नाही. विज्ञानकथेत तो विचारण्याचा अधिकार वाचकास असतो. मेरी शेली यांच्या 1818 सालच्या 'फ्रँकेन्स्टाइन' या कादंबरीत निर्जीव देहात चेतना येते ती मंत्राने नव्हे, तर एका तरुण संशोधकाच्या प्रयोगाने. त्या प्रयोगाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्नही तेथेच जन्मास येतो. म्हणूनच अनेक अभ्यासक या साहित्यप्रकाराचा उगम तेथे मानतात. पुढे ज्यूल व्हेर्न यांनी यंत्रांच्या शक्यता रंगविल्या, तर एच. जी. वेल्स यांनी विज्ञानाचे समाजावर होणारे परिणाम.

मराठीत हा प्रकार प्रथम भाषांतराच्या वाटेने आला. व्हेर्न यांच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचे भाषांतर 'केरळ कोकिळ' मासिकात 1900 पासून क्रमशः येऊ लागले. पुढे स्वतंत्र कथाही लिहिल्या गेल्या; तथापि जाणकारांच्या लेखी त्या दीर्घकाळ करमणुकीपुरत्याच राहिल्या.

1966 मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली व तिने विज्ञानकथांची स्पर्धा सुरू केली. 1974 साली तीत 'कृष्णविवर' या कथेस पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. वस्तुतः हे लेखक म्हणजे खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णु नारळीकर. ज. वि. ना. ही आद्याक्षरे उलटी करून त्यांनी ना. वि. ज. हे नाव सिद्ध केले होते. आपल्या कीर्तीचा परीक्षकांवर प्रभाव पडू नये, हा त्यामागील हेतू. प्रबळ गुरुत्वाकर्षणाजवळ काळ मंदावतो, हा सापेक्षतावादाचा निष्कर्ष त्या कथेचा आधार आहे. तो काढून घेतल्यास कथा उभीच राहत नाही. अस्सल विज्ञानकथेची ओळख हीच.

बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर आदींनी ही वाट रुंद केली. 2021 मध्ये नाशिक येथील 94 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले. 2025 मध्ये त्यांचे निधन झाले. टोपणनावाने स्पर्धेत उतरलेली कथा साहित्याच्या मुख्य व्यासपीठावर पोहोचण्यास सत्तेचाळीस वर्षे लागली. चमत्कारापुढे हात जोडण्याऐवजी त्याचे कारण विचारावे, ही तिची शिकवण मात्र समाजात रुजण्यास अद्याप अवकाश आहे.