आधार कोणाचा, अधिकार कोणाचा?

(भीमाशंकर परिसरात झालेल्या कार्यकर्ता अभ्यासवर्गातील भाषणाचे शब्दांकन)



भीमाशंकराच्या पायथ्याशी बसून पैशाविषयी बोलावे लागते, याचा मनाला थोडा संकोच वाटतो. तरी आजचा विषय मी हेतुतः निवडला आहे. आपल्यासमोर बसलेल्यांत निवृत्त शिक्षक आहेत, बँकेतून निवृत्त झालेले आहेत, आणि आणीबाणीत कारावास भोगलेले ज्येष्ठही आहेत. उंबरठ्याबाहेर पाहिले, तर आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यातील वनवासी वस्त्या आहेत. तेथील वृद्ध महादेव कोळी स्त्री-पुरुषांना निवृत्ती हा शब्दच ठाऊक नाही. हातपाय चालतात तोवर काम, एवढाच त्यांचा सेवानियम. ज्याला अन्य उत्पन्न आहे, त्याने वृद्धापकाळी शासनाकडून पैसा घ्यावा काय, हा प्रश्न या दोन समूहांना एकाच वेळी डोळ्यांसमोर ठेवून विचारला, तरच त्याचे खरे उत्तर सापडते.

प्रारंभीच सांगतो, मी स्वतः निवृत्तिवेतनधारक आहे. म्हणून जे बोलेन ते आधी मला लागू आहे, असे समजावे.

आपल्याकडे तीन निरनिराळ्या गोष्टींना आपण सर्रास ‘पेन्शन’ म्हणतो. पहिली म्हणजे सेवेचा मोबदला, दुसरी निराधाराला आधार आणि तिसरी त्यागाचा सन्मान. तिन्हींचा पैसा एकाच तिजोरीतून येतो. पण तिन्हींचा धर्म वेगळा आहे. घोटाळा होतो तो या तिघांना एकच कसोटी लावल्यामुळे, किंवा कोणतीच न लावल्यामुळे.

प्रथम सेवेचा मोबदला पाहू. १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नकारा खटल्यात निर्णय दिला, की निवृत्तिवेतन ही शासनाची मेहेरबानी नव्हे. केलेल्या सेवेबद्दल मिळणारा तो हक्क आहे. निवृत्तिवेतनधारक आजही हा दिवस आपला दिन म्हणून पाळतात. हा विचार मान्य केला, म्हणजे निवृत्तीनंतर कोणी शिकवण्या घेतो, कोणाची शेती आहे, कोणाच्या ठेवींवर व्याज येते, म्हणून त्याचे निवृत्तिवेतन कापा, असे म्हणता येत नाही. त्याच्या अन्य उत्पन्नाचा हिशेब प्राप्तिकर घेतोच. मात्र त्याच शासनाने त्याला पुन्हा कामावर घेतले, तर वेतन ठरविताना निवृत्तिवेतन वजा करण्याची जी रीत आहे, ती रास्त आहे. एकाच खजिन्याने एकाच माणसाला एकाच काळासाठी दोनदा पोसू नये. हाच न्याय लोकप्रतिनिधींनाही लागू व्हावा. कितीही वेळा निवडून आले तरी आमदाराला एकच निवृत्तिवेतन, असा कायदा पंजाबने २०२२ मध्ये केला. तो कोणत्या पक्षाच्या सरकारने केला, हे पाहण्याचे कारण नाही. चांगली गोष्ट जेथे असेल तेथून घ्यावी.

आता दुसरा प्रकार, आधाराचा. येथे उत्पन्नाची अट असणे स्वाभाविकच आहे, कारण आधार गरजेपोटी दिला जातो. पण ती अट कशी असावी?

महाराष्ट्रात ६५ वर्षांवरील निराधार वृद्धांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. नाव किती सुंदर! कुटुंबाचे नाव दारिद्र्यरेषेखालील यादीत असावे, अथवा वार्षिक उत्पन्न २१ हजार रुपयांच्या आत असावे, अशी तिची अट. मदत महिना ६०० रुपये होती तेव्हा मर्यादा २१ हजार होती. २०१९ मध्ये मदत १ हजार झाली, तेव्हाही २१ हजार. २०२३ मध्ये ती दीड हजार झाली, तेव्हाही २१ हजारच! मदत वाढविणाऱ्या शासनाचे अभिनंदन अवश्य करावे. पण त्या मर्यादेचा अर्थ काय होतो, हेही पाहावे. २१ हजार म्हणजे अख्ख्या कुटुंबाला दिवसाला ५८ रुपयांहून कमी. २०२४-२५ मध्ये रोजगार हमीची राज्यातील मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. म्हणजे शासनाच्याच कामावर घरातील एका माणसाने वर्षात ७१ दिवस घाम गाळला, की शासनाच्याच हिशेबाने त्या घरातील म्हातारी निराधार राहत नाही! एका हाताने काम द्यायचे आणि ते काम केले म्हणून दुसऱ्या हाताने आधार काढून घ्यायचा, असा हा व्यवहार आहे.

याच्याशेजारी दुसरा नियम ठेवून पाहा. केंद्र शासनाच्या कर्मचाऱ्याच्या मृत्यूनंतर त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांना किंवा विधवा मुलीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. तेथेही उत्पन्नाची अट आहेच. पण ती मर्यादा आहे महिना ९ हजार रुपये आणि त्यावरील महागाई भत्ता. महागाई भत्ता वाढला, की मर्यादा आपोआप वाढते. त्यासाठी कोणाला मोर्चा काढावा लागत नाही, अर्ज करावा लागत नाही. हा नियम योग्यच आहे. माझे म्हणणे एवढेच, की महागाई कर्मचाऱ्याच्या आईला जाणवते आणि हिरडा वेचणाऱ्या आईला जाणवत नाही, असे तर नाही ना?

हिरड्याचे उदाहरण मी सहज दिले नाही. या डोंगरातील कितीतरी घरांचा रोख पैसा म्हणजे बाळहिरडा. उन्हात झाडाखाली वाकून वेचायचा, वाळवायचा आणि व्यापारी देईल त्या भावाने विकायचा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या भागावरून गेले आणि हिरड्याची झाडे मोडून पडली. मग या घराचे ‘वार्षिक उत्पन्न’ कोणते धरायचे? वादळाआधीचे की नंतरचे? ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीणवर डोंगर कोसळला आणि १५१ माणसे गेली. ज्यांचे कर्ते मुलगे त्या दरडीखाली गेले, त्यांचे उत्पन्न आदल्या रात्री एक होते आणि दुसऱ्या दिवशी दुसरे. महिन्याच्या एक तारखेला ठरलेली रक्कम बँकेत जमा होणाऱ्या आपल्यासारख्यांच्या डोक्यातून ही कल्पना निघाली, की प्रत्येकाचे उत्पन्न एका आकड्यात लिहिता येते.

शिवाय कुटुंब म्हणजे कोण, हा प्रश्न उरतोच. मुलगा पुण्याला वा मुंबईला कामाला असतो. शिधापत्रिकेवर त्याचे नाव असते, म्हणून त्याचा पगार घराच्या उत्पन्नात धरला जातो; आईच्या हाती मात्र काही पडत नाही. कौटिल्याने बाल, वृद्ध, रोगी आणि अनाथ यांचे भरणपोषण राजाचे कर्तव्य मानले, आणि सामर्थ्य असूनही आईबापांना न पोसणाऱ्यास दंडही सांगितला. राजा आणि कुटुंब दोघेही आपापल्या जागी बांधलेले होते. आईवडिलांच्या निर्वाहाचा २००७ चा केंद्रीय कायदा याच दिशेचा आहे. परंतु आहुप्यासारख्या टोकाच्या गावातील म्हातारी घोडेगावला येऊन पोटच्या मुलाविरुद्ध अर्ज करील, ही अपेक्षा आपली समाजरचना जाणणारा कोणी करणार नाही. मुलाकडून पैसा वसूल करायचा असेल, तर तो शासनाने आणि समाजाने करावा; तोवर आईला उपाशी ठेवू नये.

यातून सर्वांत मोठी हानी होते ती सत्याची. मर्यादा इतकी खाली ठेवली, की प्रामाणिक माणूस बाहेर पडतो आणि खोटा दाखला मिळविणारा आत येतो. तलाठ्यालाही ठाऊक असते आणि अर्जदारालाही, की कागदावरचा आकडा खरा नाही. आयुष्यभर कोणाचे चार आण्यांचे देणे न ठेवलेल्या माणसाला आपण उतारवयात असत्य बोलायला लावतो. हा दोष त्याचा नव्हे, नियमाचा आहे.

मग उपाय काय? माझ्या मते, कसोटी खालून लावू नये, वरून लावावी. गरिबाने ‘मी गरीब आहे’ हे सिद्ध करण्याऐवजी, ज्याला गरज नाही त्याला नेमके बाहेर ठेवावे. असा प्रयोग आपल्याच देशात झालेला आहे. २०१९ मध्ये आलेल्या प्रधानमंत्री किसान सन्मान निधीत प्राप्तिकर भरणारा वगळला, आणि चतुर्थ श्रेणीचे कर्मचारी सोडून महिना १० हजार वा अधिक निवृत्तिवेतन घेणाराही वगळला. अटल पेन्शन योजनेत १ ऑक्टोबर २०२२ पासून करदात्यांना नव्याने प्रवेश नाही. कर कोण भरतो, निवृत्तिवेतन कोण घेतो, याची नोंद शासनाकडेच असते. ती पाहायला हवी, एवढेच. २०२४ मध्ये सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेच्या २०२५ मधील छाननीत काही सरकारी कर्मचारी महिलांची, इतकेच नव्हे तर पुरुषांचीही नावे लाभार्थ्यांत निघाली. ज्यांचा पगार शासनाच्याच वहीत होता, ती नावे पहिल्याच दिवशी गळायला हवी होती.

कोणी म्हणेल, अशाने लाभार्थी वाढतील, खजिन्यावर भार येईल. येईल, हे खरे. त्याचा विचार करावाच लागेल. पण भार कमी करायचा तर तो दुबार घेणाऱ्यांकडून करावा. पंडित दीनदयाळजींनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत एकात्म मानवदर्शन मांडले. त्यांच्या अंत्योदयाच्या विचारात रांगेतील शेवटचा माणूस प्रथम येतो. आपण मात्र शेवटच्या माणसाकडूनच सर्वांत जास्त कागद मागतो.

आता तिसरा प्रकार, सन्मानाचा. येथे मला अधिक जपून बोलले पाहिजे. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षी, १५ ऑगस्ट १९७२ रोजी, स्वातंत्र्यसैनिकांसाठी केंद्राची निवृत्तिवेतन योजना सुरू झाली, तेव्हा तिला उत्पन्नाची मर्यादा होती. १९८० मध्ये ती मर्यादा काढली आणि योजनेच्या नावात ‘सन्मान’ हा शब्द आला. आधाराचा सन्मान झाला, तशी उत्पन्नाची अट गेली. तर्काला हे धरूनच होते. देशाने वाहिलेल्या कृतज्ञतेला उत्पन्नाचा दाखला मागायचा नसतो.

आणीबाणीतील बंदिवानांसाठी आपल्या राज्याने २०१८ मध्ये मानधन सुरू केले. २०२० मध्ये ते बंद झाले, २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले, आणि २०२५ मध्ये दुप्पट होऊन एक महिन्याहून अधिक कारावास भोगलेल्यांना महिना २० हजार रुपये झाले. १९७५ मध्ये मी शाळेत होतो. येरवड्याच्या भिंती मी बाहेरून पाहिल्या, आपण आतून पाहिल्या. म्हणून मला बोलण्याचा अधिकार थोडा आहे, हे जाणतो. त्या काळात ज्यांची नोकरी गेली, दुकान बसले, मुलांचे शिक्षण अडले, त्यांनी हे मानधन ताठ मानेने घ्यावे. त्यांच्या पत्नींनी तर अवश्य घ्यावे. कारण तुरुंगाबाहेरचा तुरुंग त्यांनीच भोगला. परंतु ज्यांना उत्तम निवृत्तिवेतन आहे, ज्यांची मुले चांगल्या पदांवर आहेत, त्यांनी मानपत्र घ्यावे आणि मानधनाचा विचार करावा. नियम आपल्याला पात्र ठरवितो. पण पात्र असणे आणि गरजू असणे यांतले अंतर नियमाला दिसत नाही. ते आपल्यालाच पाहावे लागते. गुरुपूजनाच्या दिवशी पाकिटात किती ठेवले, हे आपण कोणाला सांगत नाही आणि कोणी विचारीतही नाही. तीच रीत येथे चालावी. गॅसचे अनुदान सोडा, या २०१५ च्या आवाहनाला एक कोटीहून अधिक कुटुंबांनी प्रतिसाद दिला. समाजाला सोडता येते; कोणीतरी विचारावे लागते. आज मी आपल्याला विचारतो आहे.

माझ्या निवृत्तिवेतनाचेही मी पाहिले पाहिजे. तो माझा हक्क आहे, न्यायालयाने तसे म्हटले आहे. पण हक्काच्या पैशातून एका वृद्धाचा महिना चालविणे मला अशक्य नाही, हेही तितकेच खरे आहे.

शेवटी एक छोटेसे काम सांगतो. येथून परतल्यावर प्रत्येकाने आपल्या परिसरातील, आणि या पट्ट्यातील कार्यकर्त्यांनी आपल्या वाडीतील, ६५ वर्षांवरील प्रत्येकाची नोंद करावी. कोणाला श्रावणबाळचे पैसे मिळतात, कोणाचे थांबले, कोणाचा अर्ज कशासाठी अडला, ते लिहावे. निवृत्तांना वेळ आहे, लिहिता येते, कचेरीची भाषा समजते. म्हातारीला घोडेगावला किंवा जुन्नरला चार खेपा घालायला लावण्यापेक्षा आपण एक खेप तिच्या घरी घालावी. खोटा दाखला मात्र कोणालाही मिळवून देऊ नये. खऱ्या आकड्यानिशी नाकारलेले अर्ज एकत्र करून शासनापुढे ठेवावेत. २१ हजारांची मर्यादा बदलायला याहून सबळ पुरावा नाही.

भीमा येथे उगम पावते तेव्हा ओंजळीत मावते. खाली पंढरपुरापर्यंत ती सर्वांना पुरते, कारण उगमाशी तिला कोणी अडवून ठेवीत नाही. आपल्याला जे अधिकाने मिळाले, ते अडवून न ठेवता पुढे जाऊ द्यावे, एवढीच प्रार्थना.

॥ भारत माता की जय ॥