परदेशी संसार मांडताना



लेकराबाळांसह कॅनडात स्थायिक होण्याचा विचार आपल्यातील अनेकजण करतात. खरी कसोटी तिथे पोहोचल्यावर लागते. बँकेतला माणूस म्हणून प्रथम सांगतो, इथली तुमची पत तिथे सहसा उपयोगी पडत नाही. नऊ आकडी सोशल इन्शुरन्स नंबराशिवाय नोकरी करता येत नाही आणि क्रेडिट कार्डाची छोटी बिले मुदतीत भरत गेल्यानेच नवी पत उभी राहते.

सरकारी शाळा मोफत आहे. ऑन्टारिओत मुलांच्या लसीकरणाची नोंद मागतात. ती इथूनच न्यावी.

मुले लवकर इंग्रजी बोलू लागतात. घरी राहणारी आई मात्र मागे पडते. मग दवाखान्यात सात वर्षांचे पोर तिचे दुभाषी होते. आईचे दुखणे पोराच्या तोंडून सांगायची वेळ येऊ देऊ नका. कायम रहिवाशांसाठी तिथल्या केंद्र सरकारचे ‘लिंक’ भाषावर्ग विनाशुल्क आहेत. काही वर्गांत मुले सांभाळण्याचीही सोय असते. भगिनींनी पहिल्याच महिन्यात नाव घालावे आणि पतीने त्यासाठी घरकामाचा वाटा उचलावा. आई उभी राहिली की घर उभे राहते.