इंजिनाचा श्वास आणि तेलाचा डबा
(संघाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून शिक्षण, विवाह, वसतिगृह अशा विषयांवर विद्वानांची भाषणे होत आली आहेत. मी विद्वान नव्हे. तांबटाच्या घरात जन्मलो, वडिलांच्या हाताखाली बंब आणि घंगाळी ठोकावयास शिकलो व पुढे उदरनिर्वाहासाठी मोटारदुरुस्तीच्या धंद्यात पडलो. सबब चिटणिसांनी जेव्हा, "आपल्या तरुणांच्या उपयोगी पडेल असे काही सांगा," अशी आज्ञा केली, तेव्हा माझ्या हातून घडलेली एक चूकच आपणांपुढे मांडावी असे मी ठरविले. टर्बोचार्जर असलेल्या मोटारीच्या इंजिनासाठी तेल टिपणारा डबा घरच्या घरी कसा करावा, हा आजचा विषय आहे. तरुण मंडळी यालाच 'ऑइल कॅच कॅन' म्हणतात.

प्रथम हा डबा कशासाठी लागतो ते पाहू. सिलिंडरात इंधनाचा भडका उडतो तेव्हा पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी थोडा वायू त्यांच्या फटीतून निसटून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या पोटात, उतरतोच. तेथे तेल सतत उडत असते. त्या तेलाचे सूक्ष्म थेंब, पाण्याची वाफ आणि न जळलेले इंधन घेऊन हा वायू बाहेर पडण्यास वाट शोधतो. जुन्या मोटारींत तो एका नळीने सरळ रस्त्यावर सोडून देत असत. त्याने हवा दूषित होते हे ध्यानात आल्यावर १९६१ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील मोटारींत हा वायू पुन्हा इंजिनाच्या श्वासमार्गात नेऊन जाळण्याची पद्धत सुरू झाली व पुढे ती सर्वत्र रूढ झाली. आज आपल्या देशाच्या नियमांनुसारही पेट्रोल मोटारीने हा वायू बाहेर सोडावयाचा नसतो.

टर्बोचार्जरची कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूशी याची, १९०५ सालची. धुराड्यातून वाया जाणाऱ्या वायूवर एक चक्र फिरवावयाचे आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने हवा दाबून इंजिनात भरावयाची, ही ती युक्ती होय. परंतु यामुळे इंजिनाच्या श्वासाचे दोन मार्ग होतात. गाडी संथ चालते तेव्हा मॅनिफोल्डमध्ये ओढ असते, आणि पोटातील वायू एका झडपेतून तिकडे खेचला जातो. पाय दाबला, टर्बो जोरात आला, की मॅनिफोल्डमध्ये उलट दाब निर्माण होतो. ती झडप मिटते. आणि सारा वायू दुसऱ्या नळीने टर्बोच्या तोंडाशी जातो. दाब अधिक म्हणून निसटणारा वायूही याच वेळी अधिक. त्याच्यासोबत गेलेले तेल टर्बोच्या पात्यांवर, इंटरकूलरच्या पोटात आणि शेवटी व्हॉल्व्हच्या मानेवर बसते. ज्या इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरात उडविले जाते, तेथे व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत. त्यामुळे त्यांच्यावर काजळीचे थर चढत जातात. शिवाय तेलाचे थेंब ज्वलनात मिसळले म्हणजे इंजिन ठोके मारण्याचा संभव वाढतो. एतदर्थ, या दुसऱ्या नळीच्या वाटेत एक डबा बसवून तेल तेथेच उतरवून घ्यावे, हा विचार योग्यच आहे.

आता माझी चूक सांगतो. माझ्या भाच्याने अशी एक लहान टर्बो पेट्रोल गाडी घेतली आणि, "मामा, मला एक डबा करून द्या," म्हणून तो माझ्याकडे आला. मला स्फुरण चढले. घरात तांब्याचा पत्रा होता. मी वडिलांच्या हातोडीने तो डबा घडविला, त्यावर मठारकाम केले, त्याला लखलखीत उजाळा दिला. निपल मात्र हाताशी होती तीच, आठ मिलिमीटर भोकाची, लावली. आणि तेल उत्तम टिपले जावे म्हणून आत तारेच्या घासण्या गच्च कोंबल्या. डबा असा सुंदर झाला की भाचा तो बसविण्यापूर्वी चार मित्रांना दाखवून आला.

महिनाभर काही झाले नाही. नंतर एके रात्री तो आईला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, आणि घरच्या मंडळींना घेऊन चिपळूणहून कराडकडे निघाला. कुंभार्ली घाटाची चढण, गाडीत पाच माणसे, इंजिनावर पुरा भार. अर्ध्या घाटात मागे निळ्या धुराचा लोट उठला आणि खाली तेल गळू लागले. वळणावर, अंधारात, ती मंडळी दोन तास उभी होती. गाडी ओढून कराडास नेली, तेव्हा टर्बो निकामी झाला असून तो बदलावा लागेल, असे त्यांना सांगण्यात आले. दुसरे दिवशी मी तेथे पोहोचलो. इंजिन चालू ठेवून तेल भरण्याचे झाकण सैल केले मात्र, आतून फूत्कार करीत वायू बाहेर आला. त्या आवाजाने मला सारे सांगितले.

मूळ नळी एकोणीस मिलिमीटरची होती. तिच्या जागी मी आठ मिलिमीटरची वाट दिली होती, म्हणजे क्षेत्रफळाने पाचव्या हिश्शाहूनही कमी. आणि तीही घासण्यांनी बुजविलेली. इंजिनाचा श्वास कोंडला. टर्बोच्या बेअरिंगचे तेल केवळ आपल्या वजनाने खाली क्रँककेसमध्ये ओघळत असते. पोटातच दाब साठल्यावर ते उतरेना, तुंबले, आणि टर्बोच्या सीलमधून धुराड्यात शिरून जळू लागले. तोच निळा धूर. दुसरीकडे त्या दाबाने क्रँकच्या मागील बाजूचे तेलसील ढकलले गेले. डबा काढून मूळ नळी जोडली, तेव्हा साचलेले तेल जळून गेल्यावर धूर थांबला. टर्बो शाबूत होता. पण सीलसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागला. तो खर्च मी दिला, त्यात उपकार काहीच नव्हते. बहीण एवढेच म्हणाली, "दादा, तुझा डबा फार सुरेख आहे. तो फडताळात ठेव, गाडीत नको."

बंधुभगिनींनो, मला लाज वाटली ती खर्चाची नव्हे. बंब करावयास शिकविताना वडिलांनी पहिल्याच दिवशी मला सांगितले होते की, बंबाचे वरचे तोंड कधी पक्के बंद करावयाचे नाही, झाकण सैलच बसले पाहिजे, कारण वाफेला वाट हवी. जे पात्र तापते त्याला श्वास हवा, ही आपल्या धंद्याची बाराखडी. ती बंबाला लागू होते तशी इंजिनालाही होते, हे चाळीस वर्षे दोन्ही कामे करूनही मला त्या क्षणी सुचले नाही. मी पात्राच्या रूपाकडे पाहिले, त्याच्या कामाकडे पाहिले नाही.

यानंतर केलेला दुसरा डबा कसा होता, ते आता क्रमाने सांगतो.

तो दोन मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा केला. व्यास ऐंशी मिलिमीटर, उंची एकशे ऐंशी, म्हणजे आत सुमारे नऊशे मिलिलिटर जागा. सांधे आर्गन वेल्डिंगने घेतले. कथिलाचा डाख येथे उपयोगी नाही. टर्बोची धग आणि इंजिनाची अखंड थरथर यांपुढे तो टिकत नाही. वरचे झाकण स्क्रूंनी बसविले व खाली तेलाला टिकणारे रबरी कडे घातले, म्हणजे उघडून धुता येते.

येण्याची व जाण्याची, दोन्ही निपला मूळ नळीच्या आतील व्यासाइतक्याच ठेवल्या. येणारी नळी झाकणातून आत निम्म्या उंचीपर्यंत नेली आणि तिचे टोक तिरपे कापून भिंतीकडे वळविले. वायू अरुंद नळीतून रुंद पात्रात आला की त्याचा वेग मंदावतो, थंड भिंतीवर आदळून त्याला वळावे लागते, आणि जड थेंब भिंतीला चिकटून राहतात. भाताच्या पातेल्यावरील झाकणाला आतून पाणी सुटते, तशातलाच हा प्रकार. तळापासून एकतृतीयांश उंचीवर भोके पाडलेली एक आडवी पट्टी बसविली, म्हणजे वळणावर खालचे तेल उसळून वर येत नाही.

जाण्याच्या वाटेखाली चाळणीसारख्या दोन तबकड्या बसवून त्यांमध्ये स्टेनलेस स्टीलची विणलेली जाळी सैल भरली. या तबकड्यांचा हिशेब तरुणांनी अवश्य करावा. एकोणीस मिलिमीटरच्या नळीचे क्षेत्रफळ सुमारे दोनशे चौऱ्याऐंशी चौरस मिलिमीटर. पाच मिलिमीटरच्या एका भोकाचे सुमारे वीस. म्हणजे पंधरा भोकांनी केवळ बरोबरी होते. मी प्रत्येक तबकडीस साठ भोके पाडली. जाळीच्या जागी साधी लोखंडी घासणी कदापि घालू नये. ती गंजते, तिचे तुकडे सुटतात, आणि पुढे जे चक्र फिरत असते त्याचा वेग मिनिटाला एक ते दोन लाख फेऱ्यांचा असतो. तेथे तारेचा कणही घातक होय. याच कारणास्तव बसविण्यापूर्वी डबा आतून धुवून त्यात धातूचा एकही कीस उरला नाही, याची खात्री करावी.

रबरी नळी नायट्राइलची, तेलाला टिकणारी घ्यावी. पाण्याची नळी तेलाने फुगते व आतून मिटते. डबा टर्बोपासून आणि धुराड्याच्या नळीपासून दूर, वारा लागेल अशा जागी, गाडीच्या अंगाला पक्क्या पट्टीने आवळावा. तापलेल्या भागावर तेल ठिबकले तर आग लागू शकते. इंजिन हलते आणि डबा हलत नाही, म्हणून नळीला थोडी ढील ठेवावी. तळाशी लहान तोटी लावून तिच्यावर टोपण फिरवावे. बाहेर जाणारी नळी मूळ जागी, टर्बोच्या तोंडाशीच परत जोडावी. डब्याला हवेत उघडे तोंड ठेवू नये. तसे केल्याने नियमभंग तर होतोच, शिवाय उघड्या राहिलेल्या जागेतून न मोजलेली हवा आत शिरून इंजिनाचे गणित बिघडते.

बसविण्यापूर्वी डबा पाण्यात बुडवून तोंडाने फुंकावा आणि बुडबुडे येतात का पाहावे. बसविण्याच्या आधी व नंतर आणखी एक परीक्षा घ्यावी. पारदर्शक नळी लांब 'यू' आकारात टांगून तिच्यात पाणी भरावे, एक टोक तेल मोजण्याच्या काडीच्या नळीला घट्ट जोडावे, आणि इंजिन चालू करून पाण्याची पातळी किती हलते ते टिपून ठेवावे. डबा लावल्यावर दाब पूर्वीपेक्षा वाढलेला दिसला, तर तो डबा काढावा, मग तो कितीही सुबक असो. ही दहा मिनिटांची परीक्षा मी पहिल्या वेळी घेतली असती, तर कुंभार्ली घाटातील ती रात्र टळली असती.

पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर व पुढे दर हजार-दीड हजार किलोमीटरला डबा रिकामा करावा. पावसाळ्यात किंवा जवळच्या फेऱ्या अधिक असल्यास आत ताकासारखा द्रव सापडेल. ते तेल आणि पाणी होय. ते पुन्हा इंजिनात ओतू नये, गटारातही टाकू नये. जुने तेल घेणाऱ्याकडे द्यावे. आपले जे बांधव कॅनडासारख्या थंड देशांत आहेत, त्यांनी विशेष जपावे. तेथे हिवाळ्यात डब्यातील पाणी गोठून वाट बंद होते, आणि माझ्या घासण्यांनी केले तेच बर्फ करते.

दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. हा डबा औषध नव्हे. तो फार लवकर भरू लागला, तर रिंगा झिजल्या असण्याचा संभव आहे. तेव्हा कॉम्प्रेशन तपासावे. व्हॉल्व्हवर आधीच बसलेली काजळीही त्याने निघत नाही. तसेच नव्या गाडीस असा बदल केल्यास हमी नाकारली जाऊ शकते, म्हणून आधी चौकशी करावी. अनेक इंजिनांत तेल वेगळे करणारी रचना मुळातच असते. तेथे हात न घालणे हेच शहाणपण.

दुसरा डबा भाच्याच्या गाडीत आज दोन वर्षे आहे. तो दिसावयास ओबडधोबड आहे, त्यावर मठार नाही. मात्र गेल्या दिवाळीत तीच मंडळी त्याच घाटाने आली, आणि बहीण गाडीतून उतरताच म्हणाली, "दादा, आज मागे वळून पाहावे लागले नाही." मला मिळालेल्या कोणत्याही प्रशस्तिपत्रकाहून हे वाक्य मी मोठे मानतो.

तांब्याचा तो पहिला डबा मी येथे आणला आहे. संमेलन संपल्यावर तरुणांनी तो हातात घेऊन अवश्य पाहावा, आणि त्याच्या निपलेत करंगळी घालून पाहावी. ती आत जात नाही. आपल्या हातांत पिढ्यान्‌पिढ्यांचे कसब आहे. त्या कसबाने आधी पात्राचे काम ओळखावे आणि मग त्याचे रूप घडवावे, एवढेच माझे मागणे आहे.