बदलते यंत्र, टिकणारे काम



गुरुवर्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत मला पाचारण केल्याबद्दल मी शाळेचा ऋणी आहे. आजचा विषय संगणकाचा असला, तरी बडोद्याच्या श्रोत्यांना तो परका वाटू नये. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १९३१ साली, ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा कोश येथे प्रसिद्ध झाला. राज्यकारभारातील संज्ञांना आठ भाषांतील शब्द त्यात शेजारी शेजारी मांडलेले आहेत. कारभार एक आणि भाषा अनेक, म्हणून मध्ये ठरलेला दुवा हवा, हा त्यामागचा विचार. संगणकाच्या कार्यप्रणालीपुढे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमपुढे, हाच प्रश्न उभा असतो.

प्रत्येक जातीच्या प्रोसेसरचा आज्ञांचा संच निराळा असतो. इंटेलच्या प्रोसेसरला कळणारी आज्ञा स्पार्क किंवा पॉवर जातीच्या प्रोसेसरला निरर्थक ठरते. शिवाय मदरबोर्डवर स्मृती किती, कोणते उपकरण कोठे जोडलेले, हेही फलकागणिक बदलते. असे असूनही एकच कार्यप्रणाली इतक्या भिन्न यंत्रांवर नांदते, ती दोन उपायांनी.

पहिला उपाय भाषेचा. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जन्मलेली युनिक्स ही कार्यप्रणाली आरंभी एका विशिष्ट यंत्राच्याच भाषेत लिहिलेली होती. १९७३ साली ती ‘सी’ या भाषेत नव्याने लिहिली गेली. मग यंत्र बदलले, तरी बहुतेक मजकूर तसाच ठेवून त्याचे नव्या यंत्राच्या भाषेत रूपांतर करणे शक्य झाले. १९७७ च्या सुमारास ती इंटरडेटा कंपनीच्या अगदी वेगळ्या घडणीच्या यंत्रावर नेण्यात आली. एका कामावरून दुसऱ्या कामाकडे वळणे, उपकरणाने मध्येच घातलेली हाक ऐकणे, स्मृतीची वाटणी करणे, एवढा थोडका भाग मात्र प्रत्येक प्रोसेसरसाठी स्वतंत्र लिहावाच लागतो. लिनक्सची कथाही अशीच. १९९१ साली लायनस टोरवाल्ड्स यांनी ती ३८६ या एकाच प्रोसेसरसाठी लिहिली आणि ती इतरत्र जाईल अशी त्यांची अपेक्षाही नव्हती. काही वर्षांतच ती अल्फा प्रोसेसरवर चालू लागली. आज तिच्या भांडारात प्रोसेसरच्या प्रत्येक कुळासाठी वेगळा कप्पा आहे आणि बाकीचा विस्तार सर्वांना समाईक आहे.

दुसरा उपाय ओळखपरेडीचा. कळ दाबताच मदरबोर्डवरील चिपमध्ये साठवलेला छोटा प्रोग्रॅम प्रथम जागा होतो. पूर्वी तो बायोस होता, आता बहुधा यूईएफआय असतो. तो स्मृती तपासतो आणि फलकाची माहिती देणारे तक्ते कार्यप्रणालीच्या हाती ठेवतो. हे तक्ते कसे असावेत याचा एसीपीआय नावाचा संकेत १९९६ साली ठरला. कार्यप्रणाली मग प्रोसेसरला त्याचे सामर्थ्य विचारते. पीसीआय मार्गावरील प्रत्येक उपकरण निर्मात्याचा आणि स्वतःचा क्रमांक सांगते, आणि त्या क्रमांकाला जुळणारा ड्रायव्हर, म्हणजे त्या उपकरणाचा दुभाषा, कामाला लागतो. दुभाषा सापडला नाही, तर उत्तम उपकरणही मुके राहते.

या व्यवस्थेचे मोल आपल्या देशाने पुण्यात अनुभवले. महासंगणक परदेशातून मिळण्यात अडथळे येत होते, म्हणून १९८८ साली सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ सिद्ध झाला. त्यात इन्मॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर होते. कामांची पाळी ठरवणे, शेजारच्या चिपशी बोलणे, अशी एरवी कार्यप्रणालीकडे असणारी कामे ही चिप स्वतःच करी. सोय मोठी होती. परंतु तिच्यावर विसंबलेला प्रोग्रॅम त्या चिपला बांधला जाई. पुढे ट्रान्सप्युटरच मागे पडला. नवे प्रोसेसर सहज सामावून घेता यावेत, अशी ‘परम ९०००’ ची रचना झाली, ती या पार्श्वभूमीवर. त्यात आणि १९९८ च्या ‘परम १००००’ मध्ये स्पार्क कुळातील प्रोसेसर आले, ‘परम पद्म’मध्ये आयबीएमचा पॉवर-४, तर २००८ च्या ‘परम युवा’मध्ये इंटेलचा झिऑन. दोन दशकांच्या आत इतक्या वेळा प्रोसेसर बदलला. प्रत्येक वेळी सारे गणित पुन्हा आरंभापासून मांडावे लागले असते, तर ते संशोधन कधीच थकून गेले असते. वरच्या थरातील काम टिकले, कारण खालच्या थराशी त्याचा करार ठरलेला होता.

या कराराची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. जुळवून घेणे आपोआप घडत नाही. ते कोणीतरी लिहावे लागते आणि कोणीतरी थांबवूही शकते. २०२१ साली आलेल्या विंडोज ११ ने अनेक धडधाकट जुने प्रोसेसर आपल्या यादीतून वगळले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० ची नियमित मोफत देखभाल संपली. कित्येक शाळांतील संगणक त्यामुळे बिघाड न होताच निरुपयोगी मानले जातील. ज्या कार्यप्रणालीचा मूळ मजकूर सर्वांना खुला आहे, तिच्यात तो दुभाषा जिवंत ठेवण्याचे स्वातंत्र्य आपल्या हाती राहते. अर्थात तेथेही श्रम करणारे हात हवेतच. लिनक्सनेही आपल्या जन्माचे निमित्त ठरलेल्या ३८६ ला २०१३ साली निरोप दिला.

स्वदेशी प्रोसेसरलाही हाच न्याय लागू आहे. मद्रासच्या आयआयटीने ‘शक्ती’ प्रोसेसरसाठी रिस्क-फाइव्ह हा खुला आज्ञासंच निवडला. २०१८ साली त्याच्या चिपवर लिनक्स सुरू झाली, कारण त्या आज्ञासंचाची भाषा ती आधीच शिकू लागली होती.

विद्यार्थी मित्रांनो, यंत्र विकत मिळते. दोन यंत्रांमधला दुभाषा मात्र घडवावा लागतो. त्यासाठी दोन्ही बाजूंचे नीट ज्ञान लागते आणि करार पाळण्याची शिस्त लागते. या शाळेतून असे दुभाषे घडावेत, हीच गुरुवर्यांना खरी आदरांजली ठरेल.