साठी, एमएस आणि मी

(आरोग्य मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

मैत्रिणींनो, मी बसूनच बोलते. उभी राहिले तर दहा मिनिटांत माझं लक्ष तुमच्याऐवजी पायांकडे जाईल.

मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, म्हणजे एमएस. आपलीच रोगप्रतिकारशक्ती मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं आवरण खरवडते, वायरवरचं रबर निघावं तसं. मग मेंदूचा निरोप पायाला उशिरा पोचतो, कधी पोचतच नाही. पुरुषांपेक्षा बायकांना हा आजार दुपटी-तिपटीने होतो, तोही बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान. १९९८ साली मी ३४ वर्षांची होते. एका डोळ्याला अंधुक दिसू लागलं, मग डाव्या पायाला मुंग्या. 'ताण आहे, मन रमवा,' असं पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं. एमआरआय झाला दोन वर्षांनी. (पुरुषाला सांगितलं असतं का हो, मन रमवा म्हणून?)

तेव्हापासून प्रत्येक जण सांगतो, 'टेन्शन घेऊ नकोस.' जणू मी ते मंडईतून आणते! माझं टेन्शन उतरलं ते माहिती मिळाल्यावर. उन्हाळ्यात पोळ्या लाटताना नजर धूसर व्हायची आणि नवा झटका आला म्हणून मी रडायची. अंग तापलं की सोललेल्या तंतूंतून निरोप नीट जात नाही, अंग निवलं की नजर परत येते, हे कळलं. तेव्हापासून पोळ्या सकाळी सहाला, स्टुलावर बसून, मानेवर ओला पंचा.

पुढे पाळी जाताना अंगातून वाफा निघू लागल्या. हे वय की एमएस? स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणायच्या एमएस, मेंदूचे डॉक्टर म्हणायचे वय. लघवीचंही तेच. बाहेर संडास मिळणार नाही म्हणून मी पाणीच कमी पिऊ लागले आणि जंतुसंसर्ग ओढवून घेतला. हे तुमच्यातल्या धडधाकट बायकाही करतात, मला माहीत आहे. हाडांची तपासणी मात्र मी मागून करून घेतली. स्टिरॉइड्स आणि कमी चालणं, दोन्हींनी हाडं ठिसूळ होतात.

१९९५ च्या अपंगांच्या कायद्यात एमएसचं नाव नव्हतं. २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत ते आलं. सवलतींसाठी बहुतेक ठिकाणी किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. पहिल्यांदा गेले तो माझा बरा दिवस होता. 'चालता येतंय की तुम्हाला!' म्हणाले. पुढच्या खेपेला मी मे महिन्यात, भर दुपारी गेले.

आता साठी उलटली. इतकी वर्षं मला उचलणाऱ्या नवऱ्याची बायपास झाली आहे, त्याला वजन उचलायची मनाई आहे. म्हणून एक बाई येतात. मला आंघोळ घालतात, जिन्यावरून उतरवतात. त्यांचेही गुडघे दुखतात, पण त्यांना कोण दाखला देणार? मी 'स्वावलंबी' आहे ती त्यांच्या गुडघ्यांवर, हे मला फार उशिरा दिसलं. आता महिन्याला चार भरपगारी सुट्ट्या ठरवल्या आहेत. त्या दिवशी मी आंघोळ करत नाही, पुसून घेते. नवरा खिचडी टाकतो. परवा करपली होती, तरी दोघांनी खाल्ली.